डावीकडची गणितं का राहून जातात?

सहामाहीचे पेपर तपासून घरी आले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. 'हुशार आहे हो, पण लक्षच नाही' हे वाक्य त्यांत हमखास असतं. या वेळी इचलकरंजीच्या एका आईने मुलाचा पेपर इतका बारकाईने पाहून लिहिलंय, की निम्म्याहून अधिक जागा मी त्यांनाच देते आहे. बाकीची तीन पत्रं त्याच विषयाच्या आसपासची आहेत.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. पहिलीपासून शाळेतून तक्रारी येतात. जागेवर बसत नाही, अर्धं ऐकून पळतो, आठवड्याला एक पट्टी हरवतो. आमच्या डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असू शकेल म्हणून पुढे तपासायला सांगितलं होतं, ते राहून गेलं. परवा गणिताचा पेपर घरी आला. पानावर बेरजांचे दोन रकाने होते. उजव्या रकान्यातल्या सगळ्या सोडवलेल्या, आणि सगळ्या बरोबर. डाव्या रकान्यातल्या खालच्या तीन मात्र कोऱ्या. विचारलं तर म्हणतो, "आई, त्या तिथे नव्हत्याच." खोटं बोलतोय असं वाटून मी त्याला मारलं. नंतर जुन्या वह्या काढल्या, तर फळ्यावरून उतरवताना बऱ्याच ओळींचा पहिला शब्दच गाळलेला. आमच्याकडे 'उजवा मेंदू जागृती'चा एक वर्ग चालतो. ते म्हणाले, याचा उजवा मेंदू झोपलाय, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवू, दोन महिन्यांत फरक पडेल. फी अठरा हजार. यंत्रमागाचा धंदा सध्या मंदा आहे, तरी कुठूनतरी उभे करू. घालावं का? — एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी पैशांचं सांगते. भरू नका. कारण पुढे येईलच.

दुसरं त्या माराचं. तुमचा मुलगा बहुधा खरं बोलत होता. त्या तीन बेरजा कागदावर होत्या, त्याच्या डोळ्यांतही उतरल्या असतील, पण लक्षापर्यंत पोचल्या नाहीत. त्याच्यापुरत्या त्या तिथे नव्हत्या. आज रात्री झोपताना त्याला जवळ घ्या आणि 'तू खरं सांगत होतास, माझं चुकलं' एवढं म्हणा. अशा मुलांना दिवसभरात कितीतरी वेळा खोटं ठरवलं जातं. घरात एका माणसाने तरी ते मागे घ्यायला हवं.

डोळे शाबूत आणि तरी एक बाजू नाही, हे कसं होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. ते पाहिलं मात्र आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या वडिलांना मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघाताचा झटका आला होता. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे आई त्यांना नेहमीसारखं पान वाढायची. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भाताची मूद. बाबा उजवीकडचं सगळं संपवायचे. भाताची उजवी बाजू संपलेली आणि डावी तशीच उभी, सुरीने कापल्यासारखी. मग मान वर करून विचारायचे, "आज चटणी नाही का केलीस?" आईने ताट अर्धं फिरवलं की चटणी दिसायची आणि ते खूश व्हायचे. दाढीसुद्धा उजव्या गालाचीच व्हायची. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत.

याचं कारण मेंदूच्या कामाच्या वाटणीत आहे. समोर दिसणाऱ्या जगाची डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जाते आणि उजवी बाजू डाव्या अर्ध्याकडे. (डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो हा समज चुकीचा आहे. दोन्ही डोळ्यांची माहिती अशी अर्धी अर्धी वाटली जाते.) पाहण्याची वाटणी सारखी असली तरी लक्ष देण्याची तशी नाही. डावा अर्धा मुख्यतः उजव्या बाजूवर नजर ठेवतो, उजवा अर्धा मात्र दोन्ही बाजूंवर. म्हणून डाव्या अर्ध्याला इजा झाली तर उजवा बरंचसं सांभाळून घेतो. उजव्याला झाली तर डावी बाजू वाऱ्यावर पडते. बाबांचं तेच झालं होतं.

निरोगी माणसातही या वाटणीची खूण सापडते. कागदावर आडवी रेघ मारा आणि न मोजता मध्यावर खूण करायला सांगा. बहुतेकांची खूण खऱ्या मध्याच्या जराशी डावीकडे पडते, एखाद-दोन मिलिमीटर. बॉवर्स आणि हाइलमन या संशोधकांनी 1980 मध्ये या कलाला नाव दिलं. पुढे 1988 मध्ये व्होएलर आणि त्याच हाइलमन यांनी तुमच्या पेपरासारखाच प्रश्न विचारला : अवधानाची अडचण असलेली मुलं झटका आलेल्या रुग्णांसारखी, सौम्य प्रमाणात, डावी बाजू गाळतात का? अक्षरांनी भरलेल्या कागदावर ठरावीक अक्षर खोडायला दिलं, तेव्हा या मुलांकडून डावीकडची अक्षरं जास्त सुटली. मुलं मोजकीच होती. मग 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने रेघेची चाचणी घेतली. औषध न घेतलेल्या एडीएचडीच्या मुलांची खूण किंचित उजवीकडे सरकत होती, औषधावर असताना ती इतर मुलांसारखी येत होती.

म्हणजे त्या वर्गवाल्यांचं बरोबरच की, असं तुम्हाला वाटेल. इथेच थांबा. 2003 मध्ये हुआंग-पोलॉक आणि निग यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले. लक्ष एका जागेवरून दुसऱ्या जागेवर वळवण्याचं जे काम आहे, त्यात एडीएचडीच्या मुलांमध्ये ठाम असा दोष त्यांना आढळला नाही. काही अभ्यासांत बाजूचा फरक येतो, काहींत येत नाही. मला सर्वांत जास्त पटणारा दुवा आहे तो जागेपणाचा. मेंदूचा उजवा अर्धा दोन कामं करतो. तो डावीकडे लक्ष ठेवतो, आणि कंटाळवाण्या कामात आपल्याला सावधही ठेवतो. दोन्ही कामं एकमेकांना बांधलेली आहेत. केंब्रिजच्या टॉम मॅन्ली यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवलं की अगदी धडधाकट प्रौढांनाही तासभर एकसुरी काम दिलं, किंवा झोपेविना ठेवलं, की त्यांचं लक्ष उजवीकडे घसरायला लागतं. आणि त्याआधी, 1998 मध्ये, झटका आलेल्या रुग्णांवर झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. डावीकडची गोष्ट त्यांना उशिरा जाणवत असे. पण त्याच वेळी जोरात एक आवाज केला, तर ती वेळेवर जाणवायची. आवाज कोणत्या बाजूने आला याने फरक पडत नव्हता. जाग आली, आणि जागेबरोबर डावी बाजू परत आली.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका शब्दाखाली मी रेघ मारली आहे : 'खालच्या'. वरच्या ओळींत त्याने दोन्हीकडच्या बेरजा केल्या. खाली येता येता डावी बाजू निसटली. माझ्या तपासणीच्या खोलीत मी मुलांना चांदण्यांनी भरलेला एक मोठा कागद देते, त्यातल्या लहान चांदण्या खोडायच्या असतात. पहिला कागद बहुतेक जण छान करतात. तसाच तिसरा कागद येईस्तोवर पाय हलायला लागतात, पेन्सिलीचं टोक चावलं जातं, आणि डाव्या कडेच्या चांदण्या तशाच राहतात. मधूनच मी टेबलावर टिचकी मारते. मूल दचकतं, मान डावीकडे जाते आणि "अरे, या राहिल्या!" म्हणून भराभर खोडतं. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य असतं, तेच तुमच्या लेकाच्या 'नव्हत्याच' या शब्दात आहे. त्याच्या वह्या पुन्हा काढा आणि गाळलेले शब्द पहिल्या तासाच्या पानांवर जास्त आहेत की शेवटच्या, ते पाहा. तपासणीला जाताना ते डॉक्टरांना दाखवा. एका पेपरावरून मी निदान करणार नाही, तुम्हीही करू नका. नुसत्या घाईनेही बेरजा राहतात.

आता तो वर्ग. उजवा मेंदू खरोखर झोपला असता तर त्याचा डावा हात हलला नसता. 'उजव्या मेंदूची माणसं' आणि 'डाव्या मेंदूची माणसं' अशी विभागणीच खरी नाही. अमेरिकेत यूटाच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये 1,011 जणांच्या मेंदूंची छायाचित्रं तपासली, कुणाचाही एकच अर्धा एकूणात जास्त जोरात चालताना दिसला नाही. पट्टी बांधून वाचण्यात पट्टीखालून, नाकाच्या कडेने दिसतं, एवढंच गुपित आहे. 'मिडब्रेन' जागृतीच्या नावाने हाच खेळ चालतो. मंगळूरचे विवेकवादी नरेंद्र नायक यांनी अशा वर्गांना जाहीर आव्हानं दिली आहेत. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते मुलाचं. पट्टीखालून बघून 'मला आतून दिसतं' म्हणायला त्याला शिकवलं जातं. ज्याला आपण खोटं बोललास म्हणून मारलं, त्यालाच पैसे देऊन खोटं बोलायला बसवायचं का?

तपासणी मात्र आता लांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जे तीस आजार-अडचणी तपासायच्या ठरल्या आहेत, त्यांत एडीएचडी आहे. या कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा किंवा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथे पैसे पडत नाहीत. निदानासाठी डॉक्टर पाहतील की लक्षणं सहा महिन्यांहून जास्त टिकलीत का, बाराव्या वर्षाच्या आत दिसलीत का, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आहेत का. आधी डोळे तपासून घ्या, दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र येतात का हेही पाहायला सांगा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा : डावीकडच्या दाराला-खुर्चीला तो सतत धडकत असेल, डावा हात-पाय कमी वापरत असेल, किंवा हे सगळं अचानक सुरू झालं असेल, तर एडीएचडीच्या तपासणीची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. एडीएचडीत एवढी ठळक एका बाजूची अडचण नसते.

तोवर घरी करण्याजोगं सांगते. झटका आलेल्या रुग्णांना वाचायला पुन्हा शिकवताना पानाच्या डाव्या कडेला एक जाड लाल रेघ मारतात. नजर प्रत्येक वेळी त्या रेघेपर्यंत न्यायची, मगच ओळ सुरू करायची. आपल्या वह्यांना ती रेघ आयतीच असते, समासाची. ती लाल स्केचपेनने जाड करा. डाव्या हाताचं बोट समासावर ठेवून उजव्या हाताने लिहायची सवय लावा, बोट ओळीगणिक खाली सरकलं पाहिजे. गणिताचं पान उभं दुमडून एका वेळी एकच रकाना समोर ठेवा. सोडवायला सुरुवात करण्याआधी 'एकूण किती आहेत?' हे मोजून तो आकडा पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा, आणि शेवटी ताडून पाहायचं. दर दहा मिनिटांनी उठून माठातलं पाणी प्यायचं, दाराबाहेर दहा उड्या मारायच्या आणि परत बसायचं. अभ्यास चालू असताना तुम्ही पोळ्या लाटत असाल तर मधूनच लाटणं पोळपाटावर टक्कन वाजवा. रागाने नाही, फक्त जागं करायला. आणि रात्रीची झोप मोजा. या वयाला नऊ ते बारा तास लागतात. रात्रपाळीचे माग शेजारी धडधडत असतील तर त्याचं अंथरूण आतल्या खोलीत हलवता येतं का पाहा.

अठरा हजारांतून त्याला एक सायकल घेता आली तर घ्या.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची. शाळेच्या समुपदेशकांनी एडीएचडी म्हटलं. एका केंद्राने 'ब्रेन मॅपिंग' करून दोन अर्ध्यांतला असमतोल दाखवू म्हटलंय. एमआरआय काढला तर नक्की कळेल का? आणि गोळ्यांची मला भीती वाटते. — एक वडील, ठाणे

उत्तर : एमआरआयवर एडीएचडी दिसत नाही. फरक असतो, पण तो शेकडो मुलांची सरासरी काढल्यावर दिसतो. 2002 मध्ये 152 मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यांच्या मेंदूचं आकारमान इतर मुलांपेक्षा सुमारे 3 टक्क्यांनी कमी आलं. 2017 मध्ये अनेक देशांतल्या 3,000 हून अधिक लोकांची छायाचित्रं एकत्र केली, तेव्हाही फरक आढळले, आणि तेही अगदी बारीक. दोन घोळक्यांच्या सरासरी उंचीत बोटभर फरक असला, तरी एका माणसाची उंची मोजून तो कोणत्या घोळक्यातला हे सांगता येत नाही. तसंच हे. असमतोलाचा रंगीत नकाशा छापून मिळेल, पण त्यावरून तुमच्या मुलीबद्दल निदान होत नाही.

याच संशोधनातली एक गोष्ट मात्र मी पालकांना आवर्जून सांगते. 2007 मध्ये फिलिप शॉ यांच्या गटाने मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ वर्षानुवर्षं मोजली. तो थर सर्वांत जाड होण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात वर्षं होतं आणि एडीएचडीच्या मुलांत साडेदहा. क्रम तोच, फक्त उशिरा. तुमच्या सात वर्षांच्या मुलीकडून सात वर्षांच्या मुलीइतकी शिस्त मागताना हे मनात असू द्या.

मेंदूची एक तपासणी मात्र कधी कधी खरोखर लागते. बोलता बोलता मूल एकदम थिजतं, पाच-दहा सेकंद टक लावून पाहतं, हाक मारली-हलवलं तरी ओ देत नाही, मग काहीच न झाल्यासारखं पुढे बोलू लागतं, असं दिवसातून अनेकदा होत असेल, तर ते फिटचे झटके असू शकतात आणि त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढावा लागतो. असं मूल वर्गात 'लक्ष नसलेलं' म्हणून वर्षभर बोलणी खातं. तुमच्या मुलीचं तसं होत असेल तर फोनवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा.

गोळ्यांबद्दल भीती वाटणं मी समजू शकते. मिथाइलफेनिडेट हे औषध अनेक दशकं वापरात आहे आणि त्याचा उपयोग होतो हे नीट सिद्ध झालेलं आहे. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन-उंची मोजत राहावी लागते. आपल्याकडे ते कायद्याने नियंत्रित आहे, तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही आणि कुणाच्या मुलाची उरलेली गोळी आणून द्यायची नाही. सात वर्षांच्या मुलीसाठी मी पालकांचं प्रशिक्षण आणि शाळेतले बदल औषधाच्या प्रश्नाबरोबरच सुरू करायला सांगते, नंतर नाही. अंतिम शब्द तिच्या बालमनोविकारतज्ज्ञांचा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतो, पट 38. एका मुलाला एडीएचडी आहे. 'या मुलांना डावीकडचं दिसत नाही' असं वाचलं, तर त्याला कुठल्या बाजूला बसवू? तो ऱ्हस्व वेलांट्याही चुकवतो. वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते म्हणून का? — एक शिक्षक, मंगळवेढा तालुका

उत्तर : सर, 38 मुलांत एकाची वेलांटी तुमच्या नजरेत भरते, हे वाचून बरं वाटलं. वेलांट्यांचं मात्र कारण वेगळं आहे. बोलताना आपण ऱ्हस्व आणि दीर्घ फारसा वेगळा उच्चारत नाही, म्हणून या चुका वर्गातल्या सगळ्यांच्याच होतात. मेंदूच्या अर्ध्यांना त्यात ओढायला नको.

'डावीकडचं दिसत नाही' हेही खरं नाही, वर इचलकरंजीच्या उत्तरात ते सविस्तर आलंय. बाजू शोधत बसू नका. त्याला मधल्या रांगेत पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसवा, जिथे फिरता फिरता तुमचा हात त्याच्या बाकापर्यंत पोचेल. दार आणि खिडकी त्याच्यापासून लांब राहू देत.

या मुलांची खरी दमछाक होते ती फळ्यावरून उतरवताना. एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. मान वर करायची, फळ्यावरची ओळ शोधायची, चार शब्द डोक्यात धरायचे, मान खाली घालायची, वहीतली जागा शोधायची, दोन शब्द लिहायचे, तेवढ्यात उरलेले दोन गळून गेलेले. पुन्हा मान वर, आणि या वेळी नजर ओळीच्या सुरुवातीऐवजी मध्येच कुठेतरी पडते. वीस ओळींत हे पन्नास-साठ वेळा. त्याच्यासाठी निम्मं उतरवणं पुरे करा, उरलेलं शेजाऱ्याच्या वहीतून किंवा तुमच्या कागदावरून. फळ्यावर ओळींना डावीकडे क्रमांक घाला. त्याला ओळ शोधायला खुंटी मिळते, आणि बाकीच्या 37 जणांनाही त्रास होत नाही. फळा पुसणं, वह्या वाटणं, पाण्याची बादली भरणं ही कामं त्याला द्या, शिक्षा म्हणून नव्हे, तर त्याचं अंग हललं की डोकं जागं राहतं म्हणून.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगते. वर्गात एखादी मुलगी असेल, मागे बसणारी, गप्प, कधी त्रास न देणारी, वही कायम अर्धवट. तिची तक्रार कुणी करत नाही. एडीएचडीचा एक प्रकार असाच शांत असतो, आणि मुलींमध्ये तो वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याकडे अशा मुली येतात त्या आठवी-नववीत, 'आळशी' हा शब्द अंगावर पक्का बसल्यावर. तिलाही आरोग्य पथकासमोर उभी करा.

प्रश्न : नात डावखुरी आहे, पाच वर्षांची, आणि फार चुळबुळी. डावखुऱ्यांचा उजवा मेंदू वरचढ असतो, म्हणून ती अशी आहे, उजव्या हाताची सवय लावली की शांत होईल, असं शेजारी म्हणतात. — एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, हात बदलू नका. उजव्या-डाव्या मेंदूच्या या साऱ्या गोष्टी पसरल्या त्या रॉजर स्पेरी यांच्या कामावरून. फिट थांबवण्यासाठी ज्यांच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पूल शस्त्रक्रियेने तोडला होता, अशा रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. आपल्या-तुपल्या मेंदूत तो पूल शाबूत असतो आणि दोन्ही अर्धे अखंड बोलत असतात. दर दहांतलं एखादं माणूस डावखुरं असतं, आणि बहुतेक डावखुऱ्यांचीही भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यातच असते, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसारखी. हात वळवून चुळबुळ थांबत नाही. उलट आवडती पेन्सिल धरल्यावर दर वेळी ओरडा बसला, तर चुळबुळ वाढेलच.

पाच वर्षांची मुलं चुळबुळी असतातच. शाळेत आणि घरी दोन्हीकडे ती इतर मुलांपेक्षा फारच वेगळी वाटत असेल, तर सहाव्या-सातव्या वर्षी तपासून घ्या, आत्ताच घाबरू नका.

तिची वही टेबलावर सरळ ठेवू नका, वरचा भाग किंचित उजवीकडे कलता ठेवा, म्हणजे लिहिलेलं तिच्याच हाताखाली पुसलं जाणार नाही. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती आणा. शाळेत बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, शेजारणीच्या कोपराला कोपर लागणार नाही. प्रसादाला उजवा हात पुढे करायला ती तुमचं बघून शिकेल, पेन्सिल मात्र तिच्या डाव्या हातात राहू द्या.